जाहिरात लागली की हात थांबायचे

मी मालिका बघते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. सांगलीतल्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवते, चाळिशी मागं पडून बरेच दिवस झाले, घरात पुस्तकांचं कपाट आहे, आणि तरी संध्याकाळी साडेसात वाजले की माझ्या हातात रिमोट असतो. स्टाफरूममध्ये एखादी नवी मॅडम डोळे मोठे करून विचारते, “मॅडम, तुम्ही आणि मालिका?” जणू मला गल्लीत गोट्या खेळताना पकडलंय. मी सरळ सांगते, हो, तीन बघते, त्यातली एक अगदी टाकाऊ आहे आणि तीच सगळ्यात मन लावून बघते. चांगल्या मालिकेला नावं ठेवायला जागा नसते, मग तिच्यासमोर बसून करायचं काय?

सध्या सातारा दाखवायची साथ आलीय. नायक सातारचा असला की त्याला मिशी आणि उघडी जीप मिळते. त्याचं घर कुठंही असो, मन मोकळं करायला तो वाईच्या घाटावरच जातो. नायिका काठापदराची साडी नेसून ट्रॅक्टर चालवते आणि केसातला गजरा हलत नाही. बोलणं चाललेलं असतं ऊसतोडीचं आणि मागं शेतात ऊस उभा गुडघ्याएवढा. आणि भाषा! प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘रं’ लावला की झाली म्हणे आमची बोली. परवा एक सून आपल्या सासूला ‘रं’ म्हणाली. आमच्याकडं असं कुणी म्हणालं असतं तर तो भाग तिथंच संपला असता, आणि मालिकाही. जाहिरातींचं तर विचारू नका. गुडघ्याला तेल चोळून आजोबा थेट डोंगर चढतात, आणि पडद्यावर माणसं बुकलून काढणारे नट सुटाबुटात येऊन वेलची खातात. हल्ली मोबाईलवर जाहिरात नको असली तर ढकलून पुढं जाता येतं. माझ्या आईला हे अजून पटत नाही. “त्येंनी मेहनतीनं क्येल्याली असती, बगू दे की,” म्हणते आणि माझा हात बाजूला करते.

हे मत देण्याचं वेड मला तिच्याकडून आलं. तिच्याकडून मला आणखी काय काय आलं, ते सांगायला एका उन्हाळ्याची गोष्ट सांगावी लागेल. त्या वेळी आमच्या घरात टीव्ही एकच होता आणि त्याच्यासमोर बसायची जागा प्रत्येकाची ठरलेली होती.

आमचं घर कोरेगावच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून उसातून आत गेलं की लागतं. घरात माणसं चार आणि त्यातलं एक कायम बाहेर. ते म्हणजे पप्पा. पप्पा सैन्यात होते. आमच्या गावात हे सांगावंसुद्धा लागत नाही, ज्याच्या घरात कुणी सैन्यात नाही त्याला मात्र कारण सांगावं लागतं. आजोबाही सैन्यातूनच निवृत्त झालेले. त्यांना सगळे तात्या म्हणत. तोफखान्यात राहून त्यांचा एक कान गेला होता आणि दुसरा मर्जीनुसार चालायचा. घरातली चौथी मी, वैशाली. वैशी म्हणून हाक आली तर पाणी द्यायचं असायचं आणि वैशे म्हणून आली तर निरोप द्यायचा असायचा.

निरोपाचं सांगायला हवं. तात्या आणि आई एकमेकांशी बोलत नसत. भांडण होतं म्हणून नव्हे, रीतच तशी. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेनं मामंजींसमोर तोंड उघडायचं नाही. आजी होती तोवर बोलणं तिच्यातून जायचं, ती गेल्यावर माझ्यातून जायला लागलं. आई ताट घेऊन हाताच्या अंतरावर उभी असायची आणि तात्या मला सांगायचे, “वैशे, आयला सांग, आमटीत मीठ कमी हाय.” आईनं ते ऐकलेलं असायचं. मी तरी तिच्याकडं वळून सांगायची, आणि आई मला सांगायची, “सांग त्येंना, मीठ आणती.” मला ह्यात काही वावगं वाटत नव्हतं. घराघरात असंच बोलतात, अशी माझी समजूत होती.

टीव्ही पप्पांनी एका रजेत सैन्याच्या कॅन्टीनमधून आणला होता. तो माजघरात, कोनाड्याखालच्या टेबलावर. तात्या ओसरीवर बाकड्यावर, भिंतीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडं. “बातम्या सोडून त्यात बगण्यासारखं काय न्हाई,” हे त्यांचं जाहीर मत होतं. फक्त आवाज मोठा ठेवायची त्यांची आज्ञा होती, बातम्या लागल्यावर त्या चुकायला नकोत म्हणून. बातम्या लागायच्या नऊला. आवाज मात्र सातपासून मोठा ठेवावा लागायचा.

सात वाजता भाकरीचा तवा उतरायचा. पिठल्याला फोडणी देऊन आई पातेलं चुलीशेजारच्या वैलावर सरकवायची आणि सूप घेऊन टीव्हीसमोर बसायची. पाठोपाठ शेजारच्या शांताकाकू त्यांचं सूप घेऊन यायच्या, कधी आणखी एकदोघी. रिकाम्या हातानं टीव्ही बघणं आमच्याकडं चालत नसे, ते फक्त आजारी माणसानं करायचं. दिवस असतील तसं काम बदलायचं. कधी शेंगा फोडायच्या, कधी लसूण सोलायचा, आणि पेरणी जवळ आली की बियाण्याचा घेवडा निवडायचा. सुपात घेवडा सरकल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या आवाजाखेरीज मला मालिका अर्धवट वाटते.

आणि ह्या कामात आईचा एक नियम होता, जो मी नंतर कुठंच बघितला नाही. मालिका चालू असली की हात चालू. जाहिरात लागली की हात बंद, डोळे वर. सगळ्या बायकांनी उलटं केलं असतं. शांताकाकू सुरुवातीला म्हणाल्याही, “आगं, जाहिरात लागली, आता निवड की पटापटा.”

“काकू, मालिका कानानं ऐकायची अस्ती,” आई म्हणाली. “एक वाक्य बोलायचं आन् सात जणांची तोंडं दाखवायची. परत एकदा दाखवायची. तवर माझा पायलीभर घेवडा निवडून हुतोय. जाहिरातीचं तसं न्हाई. एवढ्याशा येळात माणूस जन्माला येतं, शिकतं, लगीन हुतं, अन् साबण बी इकून हुतो. तिथं नजर काढली की चुकलंच.”

तिला मालिकेतल्या माणसांची नावं लक्षात ठेवायची गरज वाटली नाही. साडेसातच्या मालिकेतली मोठ्या घरातली धाकटी सून होती, ती ‘बिचारी’. तिला छळणारी थोरली जाऊ, तिच्या नाकात चेहऱ्याहून मोठी नथ, ती ‘नथवाली’. आणि बिचारीचा नवरा, जो बोलायच्या वेळी खिडकीतून बाहेर बघायचा, तो ‘मुका’. पुढं गावभर हीच नावं झाली. आईची मतं दुसऱ्या दिवशी नळावर पोचलेली असायची. नथवालीनं दुधात काही कालवलं की बायका म्हणायच्या, थांबा, सुशीवहिनी काय म्हणत्यात बघू. सुशीला हे आईचं नाव. आणि सुशीवहिनी म्हणायची, “त्या घरात एवढं मोठं सैपाकघर, अन् कुणी कवा भाकरी थापताना दाखवलंय का? खात्यात काय ही माणसं? उपाशी माणूसच एवढी कारस्थानं करतंय.”

जाहिरातींवरही तिची मतं पक्की होती. गोरं करणाऱ्या मलमाची एक जाहिरात लागायची. सावळ्या पोरीला नोकरी नाही, लग्न नाही, मलम लावलं की दोन्ही दारात उभी. त्या वेळी आई माझ्याकडं बघायची. मी तिच्यासारखीच सावळी. “नोकरी तोंडाला दिली व्हय? मग कागदं लिवणार कोण, गाल?” असं म्हणून ती पुढच्या जाहिरातीला तयार व्हायची. पण एका जाहिरातीला ती काही बोलायची नाही. सैनिक दिवाळीला घरी येतो, कडक इस्त्रीच्या वर्दीत, दारात पणत्या, बायको नव्या साडीत, मुलगी धावत येते आणि मग मिठाईचा डबा दिसतो. पहिल्यांदा ती लागली तेव्हा आई म्हणाली होती, “ह्येला दिवाळीत रजा कुणी दिली?” आणि सगळ्या हसल्या होत्या. पप्पा दिवाळीत कधी आले नव्हते. यायचे ते आडनिड्या महिन्यात, चुरगळलेल्या शर्टात, काळी ट्रंक एसटीच्या टपावरून उतरवून घेत. त्या पहिल्या वेळेनंतर ती जाहिरात लागली की आई नुसती बघायची. मिठाईचा डबा दिसला की परत हात सुपात.

पप्पांचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. फोन ओसरीवर, तात्यांच्या बाकड्याशेजारी. तात्यांना ऐकू यावं म्हणून फोन घेताना मुद्दाम स्पीकरचं बटण असलेला घेतला होता, आणि ते बटण कायम दाबलेलं. म्हणजे आई पप्पांशी जे काही बोलणार ते सासऱ्याच्या कानाशी, लेकीसमोर, आणि शांताकाकू तिथं असल्याच तर त्यांच्याही समोर. महिनोन्‌महिने लांब असलेल्या नवऱ्याशी बाई अशी काय बोलणार? आधी ती ‘बरं हाय’ आणि ‘व्हय’ एवढंच म्हणायची. मग एकदा, काहीतरी बोलायचं म्हणून, तिनं बिचारीची गोष्ट सांगितली. पप्पा तिकडं कुठंतरी डोंगरात होते, टीव्ही नाही, बर्फ तेवढं होतं. ते म्हणाले, “मग? फुडं काय झालं?” आणि पुढच्या रविवारपासून तो पायंडाच पडला.

आईचा फोनवरचा आवाज म्हणजे थेट तिकडं ऐकू जावा असा. पप्पांच्या मागं रांगेत उभ्या असलेल्या जवानांनाही तो ऐकू जायचा. सगळे सातारा-सांगलीकडचे. त्यात तासगावचा एक जवान होता. आईचं माहेर मिरजेजवळचं कळल्यावर त्यानं तिला ताई करून टाकलं. मधूनच त्याचा आवाज यायचा, “ताई, त्या नथवालीला काय शिक्षा झाली का न्हाई?” पप्पा त्याला गप्प करायचे. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि सांगायची, “न्हाई रं दादा, ती शिक्षा शेवटच्या भागाला राखून ठेवत्यात.” मी कान देऊन ऐकायची, आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आई सांगते ते सगळंच मालिकेत झालेलं नसतं. तिच्या सांगण्यात बिचारीला ताप यायचा आणि तरी ती भांगलायला जायची. मालिकेत भांगलण कुठली, तिथं अंगणात गवतसुद्धा प्लॅस्टिकचं होतं. एकदा तिनं सांगितलं, “बिचारी काय बोलून दावत न्हाई, पर सांच्याला रस्त्याकडं बगती.” तिकडं पप्पांनी आधी मागच्या रांगेला गप्प केलं. मग म्हणाले, “तिला सांग, मुक्याला समजतंय.”

तात्या तेव्हा बाकड्यावरच होते, तोंड रस्त्याकडं. त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही.

त्या उन्हाळ्यात माझा बारावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. मिरजेच्या मामानं निरोप धाडला की वैशीला सांगलीला कॉलेजात घालू, राहील आमच्याकडं. आईनं निरोपासोबत आलेलं भडंग डब्यात भरून ठेवलं आणि माझ्यासाठी दोन ड्रेस शिवायला टाकले. म्हणजे तिचं ठरलं होतं. पण त्याच आठवड्यात तात्या फलटणला जाऊन आले. तिथं त्यांचे पलटणीतले जुने मित्र. त्यांचा नातू साखर कारखान्यात नोकरीला, घरचा ऊस, दारात विहीर. तात्यांनी माझ्यासाठी शब्द दिला. कंदी पेढ्याचा पुडा माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, “वैशे, आयला सांग, जागा चांगली हाय. रविवारी फोन आला की आपल्या पोराच्या कानावर घालतो. त्यो व्हय म्हणला की सुपारी फोडायची.”

मी वळून आईला सांगितलं. आई खांबाला धरून उभी होती. तिच्याकडून परतीचा निरोप आलाच नाही.

तात्या वाईट माणूस नव्हते, हे मला इथं लिहून ठेवायचंय. त्यांच्या हिशेबात नातीसाठी ह्याहून चांगलं काय करायचं राहिलं होतं? आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द, अख्ख्या कोरेगावच्या बाजारात त्याची किंमत होती. पप्पांनी त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. रविवारच्या फोनवर तात्या सांगणार, पप्पा ‘तुमी म्हणाल तसं’ म्हणणार, आणि भडंगाचा डबा, दोन ड्रेस, सांगली, सगळं संपणार, हे आम्हा मायलेकींना अगदी स्वच्छ दिसत होतं. तो आठवडाभर आई मालिकेला बसली, पण मत म्हणून एकही दिलं नाही. शांताकाकूंनी विचारलंसुद्धा, “बाई, जीभ आजारी हाय का?”

रविवारी फोन वाजला. दारात शांताकाकू सूप घेऊन बसल्या होत्या, मी उंबऱ्यात. तात्या मला म्हणाले, “आयला सांग, आदी तुमचं रामायण उरकून घ्या. माझं मोठं काम हाय, मी मागनं बोलतो.” आई फोनपाशी आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि उभ्यानंच बोलायला लागली.

“आवं, ह्या आठवड्यात लय वंगाळ झालं बगा. बिचारीची धाकटी नणंद हाय न्हवं का, शाळंत हुशार, तिचं लगीन ठरवलं घरच्यांनी. पोरीला इचारलं न्हाई. तिच्या आयला इचारलं न्हाई. पोरीला फुडं शिकायचं हुतं, मार्क बी चांगलं पडल्यालं. कापडं शिवायला टाकल्याली. आन् म्हातारं ग्येलं अन् शब्द दिऊन आलं—”

“आवं, काय सांगताय काय!”

हे तात्या होते. ते बाकड्यावर पुरते वळून बसले होते आणि आईकडं बघत होते. “असं कुटं झालं? नणंद तर आजून नववीत हाय! अन् शनवारी नथवालीनं तिजोरीच्या किल्ल्या पळवल्या, तिथं संपलं. मुका बगत बसला खिडकीतनं. लगीन कुणाचं काडलं तुमी मदीच? खोटंनाटं काय सांगताय त्याला तिकडं!”

शांताकाकूंच्या सुपातला घेवडा थांबला. पहिल्यांदा कळलं ते हे, की तात्या सगळं बघत होते, म्हणजे ऐकत होते, आणि एकही भाग चुकवलेला नव्हता. कायम पाठ वळवून बसणाऱ्या ह्या माणसाला मालिकेची झालेली नासधूस सहन झाली नव्हती. आणि ते कळेपर्यंत दुसरं कळलं. तात्या आईशी बोलले होते. थेट. मला मधे न घेता. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हवेत उचललेला हात हळूच मांडीवर ठेवला.

आई फोनपासून मागं सरली. मला वाटलं आता ती आत जाणार. तिनं तात्यांकडं बघितलं आणि म्हणाली, “व्हय मामंजी. मालिकेत न्हाई झालं. आपल्या घरात हुतंय.”

मग ती फोनकडं वळली. आवाज तोच, तिकडं डोंगरात ऐकू जाणारा. “आवं, ऐका. मी आज मालिका सांगत न्हाई. वैशीला शिकायचं हाय, आन् मला तिला शिकवायची हाय. मामंजींनी फलटणला शब्द दिलाय. त्येंचा शब्द मोडला तर मला वाईट वाटंल, त्येंच्या पायावर डोकं ठिवीन. पर पोरीला न इचारता दिल्याला शब्द म्या मानणार न्हाई. तुमी तिथनं काय बी सांगा, मी माझं सांगितलं.”

फोनमध्ये नुसता खरखराट. मला वाटलं लाईन तुटली. मग मागून तासगावचा आवाज आला, “ताई, बराबर हाय तुमचं!”

“गप रं,” पप्पा म्हणाले. “तात्या, ऐकताय न्हवं?”

“ऐकतुया,” तात्या म्हणाले. “आज सगळं ऐकाय यायलंय.”

“तात्या, तुमच्या शब्दाच्या फुडं मी कवा गेलो न्हाई. पर ती आज पैल्यांदा काय मागाय लागलीया. इतकी वर्सं म्या मुक्यागत ऐकून घेतलं. ह्या बारीला तिचंच खरं करायचं. वैशीला शिकू द्या.”

आणि तेवढ्यात त्यांची वेळ संपली, फोन बंद झाला.

मला त्या क्षणी काय वाटलं, ते मी लपवणार नाही. सांगलीला जायला मिळेल म्हणून झाला त्याहून जास्त आनंद मला आईकडं बघून झाला. तिचा पदर खांद्यावर आला होता आणि तो सावरायचं तिच्या ध्यानात नव्हतं. एवढ्या मालिका मी बघितल्या, अजून बघते. त्यात बायका बोलतात तेव्हा मागं ढोल वाजतात, वीज कडाडते, कॅमेरा तीनदा गरकन फिरतो. आमच्या ओसरीवर सूप धरून बसलेल्या शांताकाकू तेवढ्या होत्या. तरी तसं बोलणं मला पडद्यावर अजून दिसायचंय. ही माझी आई आहे, असं मला सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

तात्या उठून मळ्याकडं निघून गेले. त्यानंतर घरात टीव्ही लागलाच नाही. कुणी बंद करा म्हणालं नव्हतं, आईनं आपणहून लावला नाही. शांताकाकू सूप घेऊन यायच्या, बंद पडद्याकडं बघायच्या आणि घरी जायच्या. तात्या जेवायला यायचे, ताटाकडं बघून जेवायचे, मीठ कमी का जास्त काही सांगायचे नाहीत. मला निरोप नव्हते, आणि निरोप नसले की मला त्या घरात काही कामच उरायचं नाही. मग एका सकाळी तात्यांनी पांढरा फेटा बांधला, ठेवणीतला कोट घातला आणि काही न सांगता फलटणची एसटी पकडली. सुपारी फोडायला गेले असतील का, अशी भीती आईच्या तोंडावर दिवसभर होती. तिनं भाकरी केल्या त्या जाड झाल्या, आणि एक तर करपली.

दिवस मावळता तात्या परत आले. पायरीवर बसून त्यांनी पाय धुतले. मी दिलेलं पाणी ते सावकाश प्यायले. “सांगून आलो,” ते म्हणाले, तांब्या खाली ठेवत. “म्हणलं, शब्द माझा हुता, पर पोरगी माझ्या सुनंची हाय. सूनबाई न्हाई म्हणत्यात. पोरगी शिकणार.” आत चुलीपाशी आईच्या हातातलं उलथनं वाजायचं थांबलं होतं. “मित्र हसला माझा. म्हणला, गड्या, तोफंला न्हाई भ्यालास अन् सुनंला भ्यालास. म्हणलं, व्हय. तुझ्या घरात आसली आसती तर तू बी भ्याला आसतास.” हे सांगताना त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मित्रापुढं मान खाली घालून आलेला माणूस असा बसत नाही. त्यांना आपल्या सुनेचा अभिमान वाटत होता, मला ते स्पष्ट दिसत होतं.

मग ते उठले, पण बाकड्यावर गेले नाहीत. उंबरा ओलांडून माजघरात आले आणि टीव्हीसमोर, जिथं आम्ही बायका बसायचो त्या घोंगड्यावर, मांडी घालून बसले. फेटा काढून शेजारी ठेवला. साडेसात व्हायला आले होते. शांताकाकू सवयीनं सूप घेऊन दारात आल्या, तात्यांना आत बघून दारातच थबकल्या.

“टीव्ही का बंद हाय?” तात्यांनी विचारलं.

मी आईकडं निरोप घेऊन जायला वळले, तर त्यांनी मला हातानं थांबवलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “त्या किल्ल्यांचं काय झालं फुडं?”

आई दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे होते. “बगितलं न्हाई मामंजी,” ती म्हणाली. “लावलाच न्हाई एवढं दिवस.”

“मग सांगा की,” तात्या म्हणाले. “तुमाला कुटं बगाय लागतंय?”

शांताकाकूंना पहिल्यांदा हसू फुटलं, मग मला, आणि मग, त्या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, सासऱ्यासमोर तोंडाला पदर न लावता आई हसली. तिनं हात पुसले, सूप पुढ्यात ओढलं आणि सांगायला लागली.